‘कशी आहेस’ नको, तिसरं कडवं विचार

*ताई, १९९५ च्या मे महिन्यात मी चंद्रपूरकडच्या सोमनाथला, बाबा आमट्यांच्या श्रमसंस्कार छावणीला गेले होते, तेव्हा अठरा वर्षांची होते. आम्हा सहाजणांची टोळी जमली, चार मुली दोन मुलं. सकाळी कुदळ-फावडं आणि रात्री गाणी. मागच्या महिन्यात आईच्या घराचा माळा आवरताना आमची गाण्यांची वही आणि शेवटच्या रात्रीची कॅसेट सापडली. मी तिथेच बसून रडले. मग सगळ्यांना शोधून काढलं, व्हॉट्सॲप ग्रुप केला, तीन दिवस नुसता धिंगाणा आणि मग सगळं गार. आता फक्त गुड मॉर्निंग येतं. मला सगळ्यांना एकत्र बसवून ती गाणी परत म्हणायची आहेत. पण एक म्हणते माझा आवाज गेला, एकजण म्हणतो ती गाणी आता नकोत, त्यात राजकारण आहे. आणि वर्ध्याची मैत्रीण, जिच्याशी सगळ्यात जास्त जमायचं, तिच्या शेवटच्या दोन पत्रांना मी उत्तरच दिलं नव्हतं. ती ग्रुपवर आहे पण एक अक्षर बोलत नाही. अर्धी वही तिच्याच अक्षरात आहे. एका पानाचा फोटो पाठवतेय. मी उगाच खुळेपणा करतेय का?*
*– वहीवाली, नाशिक*

वहीवाली,

बाकी सगळं नंतर बोलू, आधी कॅसेट. वाजवलीस का? पत्रात लिहिलं नाहीस म्हणून विचारते. नसशील वाजवली तर जरा थांब. कॅसेटच्या पाठीकडच्या कडेला दोन बारक्या चौकोनी खुट्ट्या असतात बघ प्लास्टिकच्या, त्या आधी तोडून टाक. त्या असल्या ना की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जातं आणि तीस वर्षं माळ्यावर जपलेल्या आवाजांवर तुझ्या घरातला मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्या टेप होतात. मग उजेडात धरून रिळाच्या कडा बघ, पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, अशी कॅसेट घरी वाजवायचीच नाही, पुण्या-मुंबईत जुन्या टेप डिजिटल करून देणारे लोक अजून आहेत त्यांच्याकडे सरळ दे. स्वच्छ असेल तर पेन्सिल घालून हाताने थोडी फिरव म्हणजे सैल झालेली टेप ताठ होईल, आणि हे महत्त्वाचं, तुझ्या त्याच माळ्यावरच्या टेपरेकॉर्डरमध्ये ती घालू नकोस. आतलं रबराचं पट्टं इतक्या वर्षांत कडक नाहीतर चिकट झालेलं असतं आणि मशिन टेप खातं. कोणाकडचा चालू डेक मिळाला तरी आधी एखादी बिनकामाची कॅसेट लावून बघ, ती खाल्ली नाही तर मग आपली. आणि स्पीकरसमोर मोबाईल धरून रेकॉर्ड करू नकोस गं, वायर जोडून कॉम्प्युटरवर घे, एखाद्या कॉलेजच्या पोराला सांगितलंस तर दहा मिनिटांत जमवून देईल.

आणखी एक. वाजल्यावर सगळ्यांचे आवाज चिमण्यांसारखे चिरके आणि घाईघाईत आले तर घाबरू नकोस. तुम्ही तिथे रेकॉर्डिंग केलं असणार सेलवर, आणि आठवड्याच्या शेवटी सेल उतरलेले असणार. सेल उतरले की रेकॉर्ड करताना टेप हळू फिरते, म्हणून नंतर नीट वेगाने वाजवली की आवाज वर चढतो. कॉम्प्युटरवर वेग थोडा कमी केला की तुम्ही परत अठरा वर्षांच्या व्हाल, आता आठ वर्षांच्या वाटत असाल.

हां, आता ग्रुप.

तुझा ग्रुप गार का पडला ते मला तुझ्या पत्रातूनच दिसतंय. तू सगळ्यांना विचारलंस कशी आहेस, काय करतोस, मुलं किती. साधे प्रश्न वाटतात ना? पण जिला तीस वर्षांनी कोणी विचारतं कशी आहेस, तिला एकदम सगळा हिशोब मांडायचा असतो, नोकरी लागली सुटली, लग्न झालं, टिकलं नाही टिकलं, सासू, गुडघा, पोरगा बंगलोरला. तेवढं टाइप करायचा कोणालाही कंटाळा येतो आणि कधीकधी कंटाळा नसतो, लाज असते. मग माणूस ‘मस्त मजेत’ लिहितो, अंगठा दाखवतो, आणि संपलं. तीन दिवस जो धिंगाणा झाला तो जुन्या फोटोंवर झाला असणार, फोटो संपले, विषय संपला.

त्यापेक्षा गाण्यातला प्रश्न विचार. तू पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो मी मोठा करून बघितला. निळ्या शाईत गाणं, रेघा मारलेली वही, वरच्या कोपऱ्यात तेलाचा डाग, तो बहुतेक जेवणाच्या पंगतीतला. आणि तिसऱ्या कडव्यात एक शब्द खोडलाय, वर लाल शाईने दुसरा लिहिलाय, आणि शेजारी कोणीतरी परत निळ्याने लिहिलंय ‘नाही!!’, दोन उद्गारचिन्हं देऊन. अगं म्हणजे त्या शब्दावरून तुमची तेव्हा भांडणं झाली होती! हाच फोटो ग्रुपवर टाक आणि खाली एवढंच लिही की लाल पेन कोणाचं? कशी आहेस नाही, मिस यू नाही, बदाम नाही. याला उत्तर द्यायला कोणाला आयुष्याचा हिशोब मांडावा लागत नाही. दहा सेकंदांत जमतं. आणि चूक काढायची असली की माणसं रात्री दोन वाजतासुद्धा जागी होतात, हा माझा तुमच्या वयाच्या सगळ्या ग्रुपांचा अनुभव आहे.

यात थोडं शास्त्रही आहे म्हणतात. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला नंतर जास्त ठळक आठवतात, आणि त्यातही त्या वयात ऐकलेली-म्हटलेली गाणी. तू काल काय भाजी केलीस ते विसरशील पण सोमनाथला तिसऱ्या रात्री कोणी चुकीच्या ठिकाणी सम घेतली ते विसरणार नाहीस. फक्त गंमत अशी की प्रत्येकाला ते वेगवेगळं आठवतं. एकीच्या मते चाल संथ होती, दुसऱ्याच्या मते टाळ्यांवर. हे पाठभेद म्हणजे तुझा खरा खजिना आहे, ते मिटवून ‘बरोबर’ गाणं इंटरनेटवरून काढून टाकू नकोस. यूट्यूबची लिंक पडली की संपला खेळ.

आता माझी फजिती ऐक. मी राष्ट्र सेवा दलवाली. दहाएक वर्षांपूर्वी आम्ही शिबिरातल्या वीसेक जणांनी असंच भेटायचं ठरवलं, आणि सगळं माझ्या अंगात आलं. एसी हॉल घेतला, फ्लेक्स केला, सारखे कुडते शिवून घेतले, कीबोर्डवाला बोलावला. त्या बिचाऱ्याने आम्हाला विचारलं पट्टी कोणती, आम्ही ऐटीत तेव्हाचीच सांगितली. पहिल्या अंतऱ्याला अर्ध्या बायका गप्प, पुरुष एक सप्तक खाली गुरगुरतायत, ज्याच्या हातात माईक तो गातोय आणि बाकीचे मोबाईल वर करून त्याचं शूटिंग करतायत. जेवणात गुलाबजाम चांगले होते एवढंच काय ते आठवतं. आणि मग निघताना पाऊस आला म्हणून सगळे पार्किंगच्या छपराखाली अडकलो, एकाने गाडीच्या डिकीवर ठेका धरला, कोणीतरी हळूच सुरू केलं, मनाला येईल त्या पट्टीत, आणि अर्धा तास आम्ही तिथे गात होतो. कोणी शूटिंग केलं नाही कारण अंधार होता. वॉचमन आम्हाला हाकलायला आला आणि छत्री मिटून उभाच राहिला.

तेव्हा हॉल घेऊ नकोस. कोणाच्या तरी घरी, सतरंजीवर, एक ढोलकी नाहीतर उलटा डबा. माईक नको. समूहगानाला माईक दिला की त्याचं समूह जातं आणि गान उरतं, तेही धड नाही.

‘आवाज गेला’ म्हणणारी जी आहे तिला सांग की आवाज गेला नाही, खाली आला. पन्नाशीच्या आसपास, मेनोपॉजच्या आगेमागे बऱ्याच बायकांचा आवाज जाडा होतो, वरचे सूर ताणले की फाटतात. तेव्हा तुम्ही पेटीवरच्या काळी पाचला किंचाळत होतात ते आता पांढरी पाचला आणा, तीन सूर खाली. नाहीच जमलं तर आणखी खाली. तंबोऱ्याचं ॲप मोबाईलवर फुकट मिळतं, त्यावर पट्टी लावून एकदा एकटीने गुणगुणून बघ, तिलाही बघायला सांग, पण ग्रुपसमोर नाही. समूहगानाचा सगळ्यात मोठा फायदाच हा की त्यात खराब आवाज लपतो आणि तरी लागतो. सहाजणांत दोघं सुरात असले की पुरे, बाकीचे त्यांच्या कुबडीवर चालतात. आम्ही सगळे तसेच चाललो. १९४१ पासून सेवादलात पिढ्यान् पिढ्या गातायत, ते काय सगळे गवई होते होय!

भेट होईपर्यंत ऑनलाइन काय करायचं, तर कृपा करून व्हिडिओ कॉलवर एकत्र गायचा प्रयत्न करू नका. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी करून झालंय ते. आवाज पोचायला सेकंदाचा थोडासा भाग जरी उशीर झाला तरी ठेका सुटतो, प्रत्येकजण दुसऱ्यासाठी थांबतो आणि गाणं रेंगाळत रेंगाळत मरतं, दोष कोणाचाच नसतो, नेटवर्कच तसं आहे. त्यापेक्षा भेंड्या खेळा. व्हॉइस नोटवर. एकीने ध्रुवपद म्हणून टाकायचं, शेवटचं अक्षर येईल त्यावरून पुढच्याने, चोवीस तासांची मुदत, वहीतलं गाणं असेल तर दोन मार्क. भांडी घासताना, गच्चीवर, रिक्षात बसून म्हटलेलं चालेल, उलट तसंच हवं. मागे कुकर वाजला, नातू रडला, सोसायटीतलं कुत्रं भुंकलं की त्यातूनच कळतं कोण कसं जगतंय, विचारावं लागत नाही.

राजकारणवाल्या मित्राबद्दल मला जरा सांभाळून लिहावं लागेल पण लिहिते. तो चुकीचं बोलत नाहीये. त्या गाण्यांत राजकारण आहेच, तेव्हाही होतं, आपल्याला अठराव्या वर्षी ते फक्त जोशाचं वाटायचं. तू गेलीस ते साल बघ ना, १९९२-९३ च्या दंगलींना दोन वर्षं होऊन गेली होती, बाबा आमटे १९९० पासून नर्मदेकाठी कसरावदला जाऊन राहिले होते, म्हणजे छावणी ज्यांनी १९६७ मध्ये सुरू केली ते स्वतःच एका आंदोलनात बसलेले. अशा हवेत म्हटलेली गाणी नुसती कवायतीची कशी असतील? तीस वर्षांत तो एका दिशेला गेला, तू कदाचित दुसऱ्या. त्याला ती गाणी म्हणायला लावणं म्हणजे त्याच्याकडून कबुलीजबाब घेण्यासारखं होईल, आणि ‘अरे गाणंच आहे, म्हण ना’ असं म्हणशील तर ते गाण्यालाच हलकं करणं झालं. दोन्ही नको.

पण वहीत सगळी तसलीच गाणी आहेत का? असणं शक्य नाही. छावणीत देशभरातली पोरं येतात, तेव्हा कोणीतरी आपल्या भाषेतलं एखादं गाणं शिकवलेलं असतं जे तुम्ही अर्थ न कळता, देवनागरीत जसं ऐकू आलं तसं लिहून घेतलंय. भांडी घासायच्या रांगेत जुळवलेलं काहीतरी असेल, कोणाच्या घोरण्यावर केलेलं विडंबन असेल, पहाटे उठवायला म्हणायचे ते असेल. तिथून सुरुवात करा. आणि त्याला म्हणावं ज्या गाण्याला नको वाटतं तेव्हा तू चहा टाक. खरंच टाकायला सांग. आमच्यात एकजण आहे तो दर भेटीत ठरावीक दोन गाण्यांना उठून स्वयंपाकघरात जातो, आम्ही गातो, तो आलं किसतो, मग सगळे चहा पितो. त्याच्या चहाला तोड नाही.

आता वर्ध्याची.

इथे मी तुझी थोडी खरडपट्टी काढणार आहे. पत्रात तू तिच्याबद्दल तीनच वाक्यं लिहिलीस, पण मला वाटतं पत्र तिच्याचसाठी होतं. बाकी चौघं जमले नाही जमले तरी तुला झोप लागेल. ही बोलली नाही तर लागणार नाही. आणि तुझ्या डोक्यात बहुतेक असा बेत शिजतोय की एक दिवस ग्रुपवर ती कॅसेट टाकायची, तिच्यात तिचा आवाज असेल, ती ऐकेल, विरघळेल, आणि त्या दोन पत्रांचा विषय न काढताच मिटेल. हे करू नकोस. गाण्याच्या आडून माफी मागता येत नाही. समोरच्याला वाटतं की माझी दोन पत्रं हिने फुकटात वसूल केली.

तेव्हाची पत्रं म्हणजे काय होतं ते आपल्याला माहितीये. आंतरदेशीयच्या तिन्ही घड्यांवर बारीक अक्षरात, शेवटी जागा संपली की चिकटवायच्या कडेवरसुद्धा. फोन करायचा तर रात्री अकरानंतर एसटीडी बूथवर, पाव दरात. त्यात एक पत्र लिहून उत्तर नाही, तरी दुसरं लिहायचं, याला किती जीव लागतो. तू का उत्तर दिलं नाहीस ते तू मला सांगितलं नाहीस, मी विचारतही नाही, पण तिला सांग. पत्राचं उत्तर पत्रानेच जाऊ दे. पोस्टात आंतरदेशीय अजून मिळतं. पत्ता बाकीच्यांपैकी कोणाकडे तरी असेल, गुपचूप घे. आत काय लिहायचं ते तुझं तू, पण थोडक्यात लिही, कारण सांग पण वकिली करू नकोस, आणि गाण्याचा, वहीचा, ग्रुपचा, भेटीचा उल्लेख नको. उत्तराची वाटही बघू नकोस, म्हणजे बघशीलच, पण तगादा लावू नकोस. तिचीही दोन पत्रं उत्तराशिवाय राहिली होती, तुझं एक राहिलं तर काही बिघडत नाही.

तिने काही लिहिलं, अगदी ‘मिळालं’ एवढंही, तर मग वहीतली तिच्या अक्षरातली पानं झेरॉक्स करून पाठव. मूळ वही तूच ठेव, ती मागेल तेव्हा द्यायची की नाही ते ठरव. मागेल असं मला वाटतं.

काही वर्षांपूर्वी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, २०१५ मध्ये छापून आला. संध्याकाळच्या वर्गांना जाणारी अनोळखी माणसं घेतली, काही गाण्याच्या वर्गात, काही हस्तकलेच्या, काही लेखनाच्या, आणि सात महिने बघत राहिले कोणाची किती जवळीक होते. गाणाऱ्यांची गट्टी सगळ्यात लवकर जमली. लोक एवढंच सांगतात आणि थांबतात. पण पुढचं असं की सात महिन्यांनी सगळे वर्ग सारखेच जवळ आले होते, विणकाम करणारेसुद्धा. मला तो दुसरा भाग जास्त आवडतो. गाण्याने तुमचा बर्फ पटकन फुटेल, पण त्यानंतर दर महिन्याला एकमेकांना फोन करणं, कोणाच्या आईच्या ऑपरेशनला डबा नेणं, हे गाणं करणार नाही. ते तुम्हालाच करावं लागेल, आणि सहाजणांपैकी कदाचित दोघीतिघीच करतील. तेवढं चालतं.

जागेचं विचारलं नाहीस पण मनात असणार की परत सोमनाथलाच जाऊ, मे महिन्यात, छावणीतच. नको गं. ती अजूनही मेच्या मध्यावर भरते पण ती अठरा-वीस वर्षांच्या पोरांसाठी आहे, त्यांच्या गाण्यात आपण काकवा जाऊन ‘आमच्या वेळी’ कशाला सुरू करायचं, आणि चंद्रपूरचं ऊन पंचेचाळीसच्या वर जातं, तेव्हा जाणवलं नाही, आता बीपीची गोळी घेऊन जाणवेल. थंडीत जा. वरोऱ्याला आनंदवनात आधी कळवून एक दिवस राहा, तिथला स्वरानंदवनचा वाद्यवृंद ऐकायला मिळाला तर सोडू नका, कुष्ठरोगातून बरे झालेले, अंध-अपंग असे कलाकार आहेत, ‘माझा आवाज गेला’ म्हणणारीला तिथे पहिल्या रांगेत बसव. मग मूल तालुक्यात, सोमनाथला. तुम्ही तेव्हा जे काही खणलं-बांधलं होतंत ते दिसेल न दिसेल. वर्धा वाटेवरच आहे, हे तुला मी सांगायला नको.

आणि खुळेपणाचं म्हणशील तर हो, आहे, तीस वर्षांपूर्वीच्या वहीतल्या एका शब्दासाठी पाच संसारी माणसांना हलवायला निघालीयेस. फोटो आजच टाक. लाल पेन कोणाचं निघालं ते मला कळव, आणि ‘नाही!!’ कोणी लिहिलं तेही, मी मघापासून तेच झूम करून बघतेय.

– तुझी ताई